जानवं उजव्या खांद्यावर

चाळीस वर्षं मी उलटं काम केलं आणि ते लोकांना सुलटं दिसावं म्हणून पगार घेतला. एकदा चुकून सुलटं काम केलं, तर गावभर बोंब झाली. त्या एका कामाबद्दल लिहितो आहे. बाकीच्या चाळीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की डाव्या अंगठ्याचा एक टवका सोडला तर माझी बोटं शाबूत आहेत.

मी अलिबागला अब्बासभाईंच्या छापखान्यात लाकडी ठसे कोरायचो. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. हेदाच्या झाडाच्या घट्ट लाकडाची आडवी चकती कापायची, काचेसारखी घासायची, वर खडूचा पातळ हात फिरवून पांढरी करायची आणि पेन्सिलीनं चित्र काढायचं. मग वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठसा ठेवून बारीक कोरणीनं कोरत जायचं. जे कोराल ते कागदावर पांढरं येतं आणि जे राहील त्याला शाई लागते. म्हणजे चित्रकार अंधार काढतो आणि आम्ही उजेड खणून काढतो. असं एखाद्या पाहुण्यासमोर म्हटलं की भाव वाढायचा.

यातली खरी मेख अशी, की ठशावर चित्र उलटं कोरावं लागतं. आरशात दिसतं तसं. तेव्हाच ते कागदावर सुलटं उमटतं. त्यासाठी पातळ कागदावर चित्र काढायचं, कागद पालथा घालायचा आणि मग ते ठशावर गिरवायचं. हे शिकायला दोन मिनिटं लागतात आणि विसरायला त्याहून कमी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी लग्नपत्रिकेसाठी गणपती कोरला आणि कागद पालथा घालायला विसरलो. गणपती छापून आला तो उजव्या सोंडेचा. मुलीचे वडील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन धापा टाकत आले. उजव्या सोंडेचा गणपती भारी कडक, त्याचं सोवळं कोण पाळणार, वऱ्हाडाला काही बाधलं तर? अब्बासभाईंनी त्यांना चहा पाजला, पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "दामू, तुमचा देव मला कळत नाही, तुला कळायला हवा होता."

मलाही फारसा कळत नव्हता. माझा बाप होड्या बांधणारा. आमच्या घरी होडीला नारळ फुटायचा, पण पोथी-जानवं असलं काही नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

छापखान्यात पत्रिका, लेबलं, जत्रेच्या जाहिराती असं काम असायचं. पण अब्बासभाईंना खरी हौस चावऱ्या चित्रांची. त्यांचे वडील गलबतांतून माल ने-आण करायचे, आणि बंदरातल्या प्रत्येक माणसाची खोड पोराला सांगून गेलेले. कुणी छोटं पुस्तक छापायला आणलं, की अब्बासभाई विचारायचे, चित्रं हवीत का, आणि होकार येण्याआधीच माझ्याकडे बोट दाखवायचे. माणसाची टर उडवायची असेल तर त्यांचा एक नियम होता: चेहरा बदल, आदत ठेव. चेहरा ठेवलास तर तो भांडायला येईल. आदत ठेवलीस तर लोक ओळखतील, आणि त्याला भांडायला तोंड राहणार नाही.

नियम पक्का होता, पण त्याला अपवाद निघायचे. एका पुस्तकात मी एक वैद्य काढला होता. रोग्याची नाडी धरलेली आणि डोळा रोग्याच्या परसातल्या कोंबडीवर. आठवड्यानं खरे वैद्यबुवा छापखान्यात हजर. मी मागच्या दारानं निघायच्या बेतात होतो. तर त्यांची तक्रार वेगळीच होती. लोक ओळखत नाहीत म्हणाले, नाक जरा मोठं करता येईल का?

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. किहीमच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण विहीर अजून तिथेच आहे. तिथल्या शाळेतल्या सुमतीबाई एक दिवस हस्तलिखित घेऊन आल्या. मासळी विकून बायका दुपारी घरी परतल्या, की बाई कोळीवाड्यात त्यांचा वाचनाचा वर्ग घ्यायच्या. शाळेची पुस्तकं त्या बायकांना कंटाळवाणी वाटत. ‘कमळ बघ’ कशाला बघायचं, असं एकीनं विचारलं होतं. म्हणून बाईंनी गावातल्याच गोष्टी जाड अक्षरांत लिहिल्या होत्या. बत्तीस पानं आणि प्रत्येक गोष्टीला एक चित्र. "अक्षरं त्यांना हळूहळू येतील," बाई मला म्हणाल्या, "चित्र त्या आजच वाचतील. तेव्हा चित्रात खोटं नको."

त्यातली एक गोष्ट विहिरीची होती. समुद्राकाठी गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, ते मचूळ पाण्यात डाळ शिजवून बघितल्याशिवाय कळत नाही. डाळ शिजतच नाही. गावात गोडी विहीर एकच, अण्णांच्या नारळी-सुपारीच्या वाडीत. अण्णांच्या आजोबांपासून कोळीवाडा तिथलं पाणी नेत आला होता. अण्णा गावचे मोठे गृहस्थ, सकाळ-संध्याकाळ संध्या करणारे, आणि त्या वर्षी पंचायतीत निवडून आलेले. निवडून आल्यावर त्यांनी भाषण केलं, की ही विहीर साऱ्या गावाची आहे. महिन्याभरात वाडीला कवाड लागलं आणि कवाडाला कुलूप. कारण काय, तर बायकांचे पाय सुपारीच्या आळ्यांत पडतात. सकाळी तासभर अण्णांचा गडी कवाडाआडून पाणी घालायचा, तेही हातभर उंचावरून. ज्यांना मिळालं नाही त्यांनी डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर जायचं, पाऊण तास जाताना आणि भरल्या हंड्यानं एक तास येताना.

बाईंनी गोष्टीत कुणाचं नाव घातलं नव्हतं. मी चित्राचा बेत केला तो असा: एक माणूस कवाडात उभा आहे, ओंजळीतून चार थेंब समोरच्या हंड्यात टाकतो आहे, आणि मागे हंडेवाल्या बायकांची रांग क्षितिजाला टेकली आहे. अण्णा गोल, तर मी माणूस बारीक करणार होतो. अण्णांची काळी टोपी, तर मी पागोटं घालणार होतो. आदत मात्र ठेवायची होती, आणि ती मला ठाऊक होती: कवाडाची चावी अण्णा जानव्याला बांधत.

आता माझी फुशारकी ऐका. हे जानवं आणि चावी डोळ्यांनी पाहूनच काढायची असं मी ठरवलं. पांढरा केलेला ठसा खिशात घालून एका सकाळी वाडीच्या कुंपणाला, केवड्याच्या जाळीत जाऊन बसलो. अण्णा उघड्या अंगानं कवाडाशी आले. मी पेन्सिल काढली आणि थेट ठशावरच रेघा ओढल्या. पातळ कागद नाही, पालथं घालणं नाही. एका दमात जानवं असं उतरलं, चावी अशी लोंबली, की मी स्वतःवरच खूश होऊन घरापर्यंत शीळ घालत आलो. केवड्याच्या काट्यांनी धोतर फाटलं होतं, तेही मला आईनं सांगितल्यावर कळलं.

त्याच रेघांवर मी ठसा कोरला. चित्रात अक्षर एकही नव्हतं. असतं तर छापताना ते उलटं आलं असतं आणि मी सावध झालो असतो. अब्बासभाईंनी छाप बघून "वाह" म्हटलं. सुमतीबाईंनी वेलांट्या तपासल्या. आम्हां तिघांपैकी एकाच्याही घरात जानवं नव्हतं. पुस्तक छापून कोळीवाड्यात गेलं.

पहिल्या दुपारी मीही वर्गाला गेलो. आपल्या चित्रावर लोक हसताना पाहण्यासारखं दुसरं व्यसन नाही, आणि त्यात मी पक्का अडकलेलो. सुकत घातलेल्या जाळ्यांच्या सावलीत पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. आधीच्या पानांवरच्या वैद्याला आणि प्रवासी लाँच चालवणाऱ्या लाँचवाल्याला त्या हसल्या. मग विहिरीचं पान आलं, आणि सगळ्या त्यावर वाकल्या.

पुढे बुधीबाय बसली होती, वर्गातली सगळ्यांत म्हातारी. तिनं पुस्तक डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. मग बाईंना म्हणाली, "बाई, ह्यो तं पितरांना पानी सोडतंय."

बाईंना कळलं नाही. मला तर मुळीच नाही. बुधीबायनं चित्रातल्या माणसाच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं. "जानवं बघा ना. ह्या खांद्यावर नसतं ते, त्या खांद्यावर असतं. ह्या खांद्यावर घेतात ते फकस्त मेलेल्यांना पानी द्यायला. दर सर्वपित्रीला आमच्या मासळी वाळवायच्या काठ्यांपाशी दर्यावर उभा असतंय अण्णा, मी काय बघितलं न्हाय व्हय?"

तिनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "बरोबर काढलंय पोरानं. मेलेल्यांना देतंय तो पानी. आमी जित्या हाव, आमाला कशाला देईल?"

आणि मग जो हशा पिकला, तो मी आजही ऐकू शकतो. बाई माझ्याकडे अशा काही आदरानं पाहू लागल्या की मला घाम फुटला. चेहऱ्यावर मी शहाणपणाचं हसू आणलं. टोपी बदलली, पोट बदललं, आणि खांदाही बदलला होता, तो मात्र मला न विचारता.

अशी गोष्ट कोळीवाड्यात राहत नाही. टोपल्यांबरोबर ती बाजारात गेली, बाजारातून देवळात गेली. चौथ्या दिवशी अण्णा छापखान्यात आले. छत्री त्यांनी दाराशी न ठेवता हातातच ठेवली, हे मी पाहून ठेवलं. पुस्तक उघडून त्यांनी अब्बासभाईंपुढे टाकलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

अब्बासभाईंनी चष्मा लावून पान नीट बघितलं. "अण्णा, हा कुणी बारीक पागोटेवाला आहे. तुमचा याच्याशी काय ताल्लुक?"

अण्णा अडकले. आपण तो, असं म्हणावं तर पंचाईत, आणि न म्हणावं तर आले कशाला? थोडा वेळ छत्रीनं जमीन ठोकून ते म्हणाले, "माणूस कुणीही असो. जानवं चुकीचं आहे. शिकणाऱ्यांच्या पुस्तकात विधी चुकीचा दाखवता? अपसव्य करून कोणी जिवंत माणसाला पाणी देतं?"

खरं तर मी तोंड मिटून बसायला हवं होतं. पण माझ्या अंगात धीर नव्हता, आणि धीर नसलेला माणूस खरं बोलून टाकतो. मी सांगून टाकलं, की मला यातलं काही ठाऊक नाही, ठसा उलटा कोरायचा तो मी सुलटा कोरला, केवड्यात बसून. केवड्याचं सांगायची काहीच गरज नव्हती.

अण्णा माझ्याकडे वळले. मला वाटलं, छत्री आता उठते. पण त्यांचा राग जरा गोंधळला होता. ज्यानं मर्मावर घाव घातला तो नुसता गाढव निघाला, तर रागावायचं कुणावर? "म्हणजे तुला काही म्हणायचंच नव्हतं?" त्यांनी विचारलं. थोडंसं निराश होऊनच, असं मला आजही वाटतं.

"ओंजळीबद्दल म्हणायचं होतं, अण्णा," मी म्हणालो. "जानव्याबद्दल नाही."

अब्बासभाईंनी डोळे मिटून घेतले. अण्णा खुर्चीत बसले. बसूनच त्यांनी निकाल दिला. ठसा नवा कोरायचा आणि तो त्यांच्यासमोर, विहिरीवर. ओंजळ नाही, कळशी दाखवायची. "मी उभा राहतो. आणि पाणी घेणारी कुणी तरी हवी, तिला बोलाव. जिवंत," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन निघाले.

दुसऱ्या सकाळी अण्णांनी जानव्याची चावी लावून कवाड उघडलं. मी बुधीबायला एकटीला बोलावलं होतं. ती सोळा जणींना घेऊन आली. रांग दाखवायची तर रांग नको का, म्हणाली. अण्णांनी कळशी उचलली आणि हातभर उंचावरून हंड्यात धार धरली. हंडा भरला, दुसरा आला. चित्रासाठी मला धार हवी होती आणि धारेसाठी हंडे हवे होते.

पुढे लोकांनी मला फार हुशार ठरवलं. दामूनं मुद्दाम काम लांबवलं, असं त्या भागात अजून सांगतात. मी ते कधी खोडलं नाही, म्हणून आज खोडतो. अण्णा समोर उभे, माझी नजर ठशापेक्षा त्यांच्यावरच. पहिल्या ठशावर कोरणी घसरून अण्णांच्या नाकातून आरपार गेली. दुसऱ्यासाठी मी पातळ कागद पालथा घातला, खात्री करायला पुन्हा पालथा घातला, आणि दोन दिवस कोरून छाप काढला तर जानवं परत उजव्या खांद्यावर. अण्णा कळशी खाली ठेवून विहिरीच्या काठावर बसले. हंडा घरी रिता करून यायला उठलेली बुधीबाय म्हणाली, "पोराला घाई करू नका, अण्णा. आमाला काय घाई न्हाय."

शेवटी अब्बासभाईंनी गावच्या न्हाव्याचा आरसा मागवून दिला. कोरणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. माणसाकडे पाठ करून बसायचं आणि आरशात दिसेल तसंच कोरायचं, म्हणजे उलट्याचं सुलटं आपोआप होतं. मला ती ठाऊक होती, पण आळसानं सोडली होती. अण्णांना माझी पाठ आवडली नाही, पण जानव्यासाठी त्यांनी तीही सोसली.

त्या आरशात मी आणखी एक गोष्ट पाहिली. पहिल्या दिवशी कळशी हंड्याच्या हातभर वर होती. मग वीतभर. रोज वीस-पंचवीस कळश्या उचलायच्या म्हणजे खांदे भरून येणारच. एका सकाळी कळशीचा काठ बुधीबायच्या हंड्याला टेकला, ठण्ण आवाज झाला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अण्णांनी कळशी वर घेतली नाही, आणि त्यांचे खांदेच दुखत होते की आणखी काही, हे मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला तोवर आली होती.

तोवर बायकांनी आळ्यांच्या कडेनं दगडांची एक वाट बसवून घेतली होती. एकाही सुपारीच्या रोपावर पाय पडला नव्हता, हे अण्णा रोज वाकून बघत. आणि पहाटे उठून कवाड उघडायला यायचा त्यांना कंटाळा येऊ लागला होता. शेवटच्या दिवशी आरशात जानवं कोरताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं.

"अण्णा, चावी?"

"कवाडाशेजारच्या पोफळीला खिळा मारलाय, तिथं आहे. ज्याला लवकर यायचं त्यानं उघडावं. तू जानवं बघ."

मी दिसलं तसं कोरलं. एकूण बारा दिवस लागले. छाप हातात घेऊन अण्णांनी तो उजेडात धरला, खांदा तपासला आणि म्हणाले, "छान. बारा दिवस घातलेस माझे, जिवंतपणीच." मग हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पुस्तकातलं जुनं पान कापून नवं चिकटवलं. जुना ठसा अब्बासभाईंनी माझ्या हातात दिला. लाकूड वाया घालवायची रीत नव्हती, ठसा रंध्यानं साफ करून त्यावर पुढलं काम करायचं. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत गाजलेलं काम मी स्वतःच तासून काढलं आणि त्यावर अगरबत्तीच्या पुड्यासाठी मोर कोरला. त्याची हळहळ अजून आहे. पुढे मुंबईहून जस्ताचे ठसे स्वस्तात येऊ लागले, मग माझी कोरणीही बसली. जस्ताच्या ठशात अशी चूक होत नाही म्हणतात. त्याबद्दल मी काय बोलणार?

पण त्याआधी, दुसऱ्या वर्षी, मी पुन्हा एकदा त्या वर्गाला गेलो. बायका आता अडखळत का होईना, ओळी वाचत होत्या. वैद्यावर हसल्या, लाँचवाल्यावर हसल्या. विहिरीचं पान आलं. बुधीबायनं ते बोट फिरवत वाचलं आणि पुढे निघाली. मी माझ्या व्यसनाला जागलो. तिला थांबवलं, चित्र दाखवलं आणि विचारलं, यावर कुणीच कसं हसत नाही?

तिनं चित्र नीट पाहिलं. एक कळशी, एक हंडा, मागे रांग, डाव्या खांद्यावर जानवं आणि त्याला काहीही बांधलेलं नाही.

"ह्यात हसायला काय हाय?" ती म्हणाली. "मानूस पानी देतंय."

आणि तिनं पान उलटलं.